मेमरीत नवं, चालतंय जुनंच

या वेळी आलेल्या बहुतेक पत्रांचं दुखणं एकच आहे. एम्युलेटरमधला (दुसऱ्या मशीनची नक्कल करणाऱ्या सॉफ्टवेअरमधला) प्रोग्राम चालता चालता स्वतःचाच कोड बदलतो आणि पुढे काहीतरी बिनसतं.

वेगासाठी एम्युलेटर गेस्टचा, म्हणजे आत चालणाऱ्या प्रोग्रामचा, कोड एकदा वाचतो, त्याचं भाषांतर करतो आणि पुढच्या वेळी ते भाषांतरच चालवतो. सातबाराचा उतारा काढून घरी ठेवला आणि नंतर फेरफार नोंदला गेला, तर घरातला कागद आपोआप बदलत नाही. इथेही तसंच घडतं. म्हणून बिघाड शोधताना पहिला प्रश्न हा, की बाइट कुणी बदलला आणि ते भाषांतर सांभाळणाऱ्याला कळलं का?

कमांड, पर्याय आणि हेक्स आकडे नेहमीप्रमाणे देवनागरीत छापले आहेत. टाइप करताना ते इंग्रजी अक्षरांत टाका.

प्रश्न : मी सी भाषेत ८०८५ या जुन्या ८ बिट प्रोसेसरचा एम्युलेटर लिहिलाय. सलग येणाऱ्या सूचना एकदाच डीकोड करून ब्लॉक म्हणून साठवतो. मेमरीत लिहिलं गेलं की त्या पत्त्यावरचा ब्लॉक रद्दही करतो. तरी पोर्ट नंबर बदलणारा एक छोटा प्रोग्राम चुकतो. ०१ दिलं तर डेटा ००वर जातो, पुढच्या वेळी ०२ दिलं तर ०१वर. कॉलेजच्या किटवर तोच प्रोग्राम बरोबर चालतो. एक-एक सूचना स्टेप केली तर माझ्या एम्युलेटरमध्येही बरोबर चालतो. (विद्यार्थी, रत्नागिरी)

उत्तर : उत्तर नेमकं एक फेरी मागे राहतंय, ही तुमच्या पत्रातली सगळ्यात कामाची माहिती. रद्द करणं अजिबात होत नसतं, तर दर वेळी ००च आलं असतं. म्हणजे ब्लॉक रद्द होतोय, फक्त उशिरा.

८०८५च्या इन आणि आउट सूचनांमध्ये पोर्ट नंबर हा सूचनेचा दुसरा बाइट असतो. तो रजिस्टरमधून देता येत नाही. झेड८०मध्ये सी रजिस्टरमधून पोर्ट देण्याची सोय आली, ८०८५ला ती नाही. त्यामुळे पोर्ट बदलता हवा असेल तर रॅममधला तो बाइटच बदलावा लागतो. तुमचा प्रोग्राम साधारण असा असणार:

२००० : ३ए ५० २० : एलडीए २०५०
२००३ : ३२ ०ए २० : एसटीए २००ए
२००६ : ३ए ५१ २० : एलडीए २०५१
२००९ : डी३ ०० : आउट ००
२००बी : ७६ : एचएलटी

२०५०मध्ये पोर्ट, २०५१मध्ये डेटा. एसटीए जिथे लिहिते तो २००ए म्हणजे आउटचाच दुसरा बाइट.

आता ब्लॉकच्या नजरेनं बघा. वाटेत जंप नाही, म्हणून २०००पासून २००बीपर्यंत एकच ब्लॉक झाला आणि एसटीए चालायच्या आधीच आउट ०० असं डीकोड होऊन बसलं. पहिल्या फेरीत एसटीएनं ०१ लिहिलं, तुमच्या कोडनं ब्लॉक यादीतून काढला, पण लूप तर त्याच जुन्या ब्लॉकवर फिरतोय. डेटा गेला ००वर. दुसऱ्या फेरीत ब्लॉक नव्यानं डीकोड झाला तेव्हा मेमरीत ०१ होता, तोच पकडला गेला. मग एसटीएनं ०२ लिहिलं, पण आउट झालं ०१वर. स्टेप करताना प्रत्येक सूचना ताजी डीकोड होते, म्हणून तिथे चूक दिसत नाही.

दुरुस्ती अशी करा. ६४ केबी मेमरीची २५६ बाइटांची एक अशी २५६ पानं पाडा आणि प्रत्येक पानाला ‘इथे डीकोड केलेला कोड आहे’ असा एक फ्लॅग द्या. ब्लॉक तयार झाला की तो ज्या ज्या पानांवर पसरलाय त्या सगळ्यांच्या यादीत टाका. नुसत्या सुरुवातीच्या पत्त्यावरून नोंद केली, तर पुढच्या पानावर सांडलेली शेपटी कुणाच्याच नजरेत येत नाही. लिहिणाऱ्या फंक्शनमध्ये आधी फ्लॅग बघा. फ्लॅग असेल तर तो बाइट ज्यांच्या हद्दीत येतो ते सगळे ब्लॉक रद्द करा, आणि त्यांत सध्या चालू असलेला ब्लॉक निघाला तर ‘बाहेर पड’ असा दुसरा फ्लॅग लावा. मेमरीत लिहिणारी प्रत्येक सूचना संपली की लूपनं हा फ्लॅग तपासायचा. लागलेला असेल तर पीसी (पुढे कुठली सूचना चालवायची ते धरणारं रजिस्टर) पुढच्या सूचनेवर, म्हणजे इथे २००६वर ठेवून ब्लॉक सोडायचा आणि तिथून ताजं डीकोड करायचं.

इथे दोन ठिकाणी पाय घसरतो. रद्द केलेल्या ब्लॉकची मेमरी लगेच फ्री केली, तर चालू लूप मोकळ्या केलेल्या जागेतून वाचत राहतो. आज चालेल, उद्या कोसळेल. त्याला नुसतं ‘मेला’ म्हणून खूण करा आणि लूप बाहेर आल्यावर फ्री करा. दुसरी गडबड टी-स्टेटच्या, म्हणजे क्लॉकच्या ठोक्यांच्या, हिशेबाची. या ब्लॉकचे टी-स्टेट १३, १३, १३, १० आणि ५, एकूण ५४. ते सुरुवातीलाच एकदम जमा करत असाल आणि एसटीएनंतर बाहेर पडलात, तर खरे झाले २६. उरलेल्या तीन सूचनांचे २८ नव्या ब्लॉकमध्ये पुन्हा धरले जातील आणि बेरीज ८२ होईल. टायमरवर चालणारे प्रोग्राम मग विनाकारण घाईत पळतात. म्हणून टी-स्टेट सूचनेगणिक मोजा किंवा अर्ध्यातून बाहेर पडताना उरलेले वजा करा.

मेमरीत लिहिणाऱ्या वाटा मोजून बंद करा. एसटीए, एसटीएएक्स, मूव्ह एम आणि एमव्हीआय एम सगळ्यांना आठवतात. विसरतात त्या आयएनआर एम, डीसीआर एम, एसएचएलडी आणि स्टॅकवाल्या पुश, कॉल, आरएसटी, एक्सटीएचएल. इंटरप्ट आल्यावर पीसी स्टॅकवर जातो तोही लिहिण्याचाच प्रकार. हेक्स फाइल लोड करणारं फंक्शन थेट अ‍ॅरेत लिहीत असेल, तर दुसरा प्रोग्राम लोड केल्यावर पहिल्याचे ब्लॉक चालू लागतील. सगळ्यांना एकाच फंक्शनमधून जायला लावा.

एवढं झाल्यावर प्रोग्राम बरोबर चालेल, पण मंद वाटेल. कारण तुमचा डेटा २०५०वर आणि कोड २०००वर, दोन्ही २० नंबरच्या पानात. कोडला धक्का न लावणारं लिखाणही दर वेळी यादी धुंडाळतं. कोड असलेल्या पानाला बाइटागणिक एक बिट ठेवा. २५६ बिट म्हणजे फक्त ३२ बाइट. बिट शून्य असेल तर थेट लिहून पुढे जा.

किटमध्ये अ‍ॅड्रेस डीकोडिंग अर्धवट असेल, तर तीच रॅम दोन पत्त्यांवर दिसते. ते तुम्ही एम्युलेट करत असाल, तर फ्लॅग आणि बिट हे प्रत्यक्ष रॅममधल्या जागेवर लावा, प्रोग्रामनं वापरलेल्या पत्त्यावर नाही.

तपासायला ०१, ०२, ०३ अशा तीन फेऱ्या द्या. मग तोच प्रोग्राम २०एफ६पासून ठेवा. आता डी३ येतो २०एफएफवर आणि पोर्टचा बाइट २१००वर, म्हणजे सूचनाच दोन पानांत चिरली गेली. एसटीएचा पत्ता २१०० करायला विसरू नका, म्हणजे बाइट ३२ ०० २१. पानांच्या नोंदीतली चूक इथे लगेच उघडी पडते.

प्रश्न : जेट्टीजवळच्या बर्फ कारखान्यात लाद्यांच्या हिशेबाचा जुना डॉस प्रोग्राम आहे. डॉसबॉक्स या एम्युलेटरमध्ये तो कधी ‘पॅक्ड फाइल इज करप्ट’ म्हणतो. सुरू झालाच तर पासवर्डआधीच्या तपासणीत लटकतो. त्याच संचातला छापाईचा दुसरा प्रोग्राम ‘रनटाइम एरर २००’ देतो. फाइल खराब आहे का? (वाचक, मालवण)

उत्तर : फाइल बहुधा ठीक आहे. तीन तक्रारींची तीन वेगळी कारणं आहेत, म्हणून एका वेळी एकच गोष्ट बदला. त्याआधी हिशेबाच्या संपूर्ण फोल्डरची प्रत दुसरीकडे काढून ठेवा.

पहिला संदेश एक्झेपॅक नावाच्या साधनाचा. प्रोग्राम आवळून ठेवलेला असतो आणि सुरू होताना मेमरीत स्वतःला उलगडतो. हा उलगडणारा तुकडा मेमरीच्या पहिल्या ६४ केबीत लोड झाला की त्याचं पत्त्यांचं गणित चुकतं. डिस्कवरच्या फाइलचा त्यात दोष नसतो. डॉसबॉक्समध्ये प्रोग्रामच्या नावाआधी लोडफिक्स लिहा. ती कमांड खालची जागा अडवते आणि प्रोग्राम वर लोड होतो.

तपासणीत लटकणं हे खरं स्वतःला बदलणाऱ्या कोडचं प्रकरण दिसतं. जुने प्रोसेसर पुढच्या सूचना आधीच उचलून रांगेत ठेवत. ८०८८मध्ये ही रांग ४ बाइटांची, ८०८६मध्ये ६, ३८६मध्ये १६ आणि ४८६मध्ये ३२. अगदी पुढचीच सूचना मेमरीत बदलली, तरी त्या प्रोसेसरवर रांगेतली जुनीच चालायची. डीबगरखाली स्टेप केलं तर रांग रिकामी होते आणि नवी चालते. कॉपी रोखणारे काही प्रोग्राम याच फरकावरून ‘कुणीतरी आत डोकावतंय’ असं ठरवत आणि मुद्दाम लटकत. एम्युलेटर बदल लगेच मानतो, म्हणजे त्या तपासणीला तो डीबगरसारखा दिसतो. डॉसबॉक्सच्या सेटिंग फाइलमध्ये सीपीयू विभागात कोअर=नॉर्मल आणि सीपीयूटाइप=३८६_प्रीफेच करा. प्रीफेचची नक्कल डायनॅमिक कोअरबरोबर चालत नाही, म्हणून दोन्ही ओळी हव्यात.

रनटाइम एरर २०० याच्याशी संबंधित नाही. टर्बो पास्कलच्या सीआरटी युनिटमध्ये सुरुवातीला ५५ मिलिसेकंदात लूप किती वेळा फिरतो ते मोजून ५५नं भागतात. मशीन वेगवान असेल तर भागाकार १६ बिटांत मावत नाही आणि प्रोसेसर भागाकाराची चूक दाखवतो. सायकल्स=फिक्स्ड ८०००पासून सुरू करा. चालू असताना कंट्रोल एफ११नं वेग कमी आणि कंट्रोल एफ१२नं जास्त होतो.

प्रश्न : माझ्या छोट्या व्हर्च्युअल मशीनला जेआयटी (चालता चालता मशीन कोड तयार करणारा भाग) जोडलाय. इंटेल लॅपटॉपवर उत्तम. ६४ बिट एआरएमसाठीचा भाग लॅपटॉपवरच क्यूएमू या एम्युलेटरच्या यूझर मोडमध्ये (एकच प्रोग्राम चालवण्याच्या मोडमध्ये) तपासला, तोही चालला. रास्पबेरी पायवर मात्र कधी चालतो, कधी ‘इल्लीगल इन्स्ट्रक्शन’. जीडीबी या डीबगरमध्ये पायरीपायरीनं नेलं की हमखास चालतो. मित्राच्या नव्या मॅकवर तर मेमरीच्या पानाची परवानगी बदलणारं एमप्रोटेक्टच नकार देतं. (वाचक, चिपळूण)

उत्तर : पायवरची आणि मॅकवरची अडचण वेगळी आहे.

पायवर कॅशचा घोळ आहे. इंटेलच्या प्रोसेसरमध्ये डेटा कॅश आणि सूचना कॅश यांचा मेळ हार्डवेअर ठेवतं. एआरएमवर तो मेळ प्रोग्रामनं घालायचा असतो. तुम्ही लिहिलेला कोड डेटा कॅशमध्ये पडून राहतो आणि प्रोसेसर सूचना कॅशमधून तिथे आधी काय होतं ते उचलतो. योग्य क्रम असा: डीसी सीव्हीएयू, डीएसबी, आयसी आयव्हीएयू, डीएसबी आणि शेवटी आयएसबी. हे हातानं लिहू नका. जीसीसी आणि क्लँगमधलं बिल्टइन क्लिअर कॅश हे फंक्शन कोड लिहून झाल्यावर आणि त्यावर उडी मारण्याआधी बोलवा. त्याला सुरुवात आणि शेवट असे दोन पत्ते लागतात. दुसऱ्या जागी लांबी देणं ही फार जणांकडून होणारी चूक. लांबी पत्त्याच्या प्रकारात कास्ट करून दिली तर कंपाइलर कुरकुरत नाही, इंटेलवर ते फंक्शन काहीच करत नसल्यामुळे तिथेही कळत नाही. तुमच्या कोडमध्ये ही ओळ आधी बघा.

क्यूएमूत पास झालं याचा इथे पुरावा म्हणून उपयोग नाही, हे नीट लक्षात घ्या. फाब्रिस बेलार यांनी २००३मध्ये आणलेला क्यूएमू ज्या पानाचं भाषांतर करतो, ते यूझर मोडमध्ये होस्टवर फक्त वाचण्याजोगं करून ठेवतो. गेस्टनं तिथे लिहिलं की सिग्नल येतो, क्यूएमू त्या पानाची भाषांतरं टाकून देतो आणि लिहू देतो. म्हणजे तुम्ही विसरलेलं कॅशचं काम तो परस्पर करून टाकतो. जीडीबीत पायऱ्या टाकताना प्रत्येक पायरीला कर्नलमध्ये फेरी होते, वेळेचं गणित बदलतं आणि चूक लपते. कॅशची परीक्षा खऱ्या बोर्डवरच घ्या, तीही एकच बफर हजारो वेळा वेगवेगळ्या कोडनं भरून. पहिल्यांदा लिहिलेल्या जागेत चूक क्वचित दिसते, पुन्हा वापरलेल्या जागेत लगेच.

आता मॅक. अ‍ॅपलच्या स्वतःच्या चिपवर एकाच वेळी लिहिण्याजोगी आणि चालवण्याजोगी मेमरी साध्या मार्गानं मिळत नाही. एममॅप करताना मॅप_जिट फ्लॅग द्या. लिहिण्याआधी पीथ्रेड_जिट_राइट_प्रोटेक्ट_एनपीला ०, लिहून झाल्यावर १. हा बदल फक्त त्याच थ्रेडपुरता असतो. मग सिस_आयकॅश_इनव्हॅलिडेट, आणि इथे मात्र दुसरा आकडा लांबीचा. अ‍ॅप हार्डन्ड रनटाइमसह साइन केलं असेल तर अलाउ-जिट ही एंटायटलमेंटही लागते.

लिनक्सवर सरळ वाट घ्या. एमप्रोटेक्टनं आधी वाचणं-लिहिणं, कोड भरला की वाचणं-चालवणं. पत्ता पानाच्या सीमेवर नसेल तर ईइनव्हल येतं, म्हणून मॅलॉकनं आणलेली जागा चालत नाही, एममॅपच वापरा. पान ४०९६ बाइटांचंच असतं असं धरू नका. रास्पबेरी पाय ५च्या नेहमीच्या कर्नलमध्ये आणि अ‍ॅपलच्या चिपवर ते १६ केबीचं आहे. सिस्कॉन्फला विचारा. एमप्रोटेक्टनं ईअ‍ॅक्सेस दिलं, तर एसईलिनक्सनं एक्झेकमेम अडवलंय का ते ऑडिट लॉगमध्ये बघा.

एक थ्रेड चालत असताना दुसऱ्यानं पान लिहिण्याजोगं केलं, तर तेवढ्या वेळापुरती चालवण्याची परवानगी जाते आणि पहिला थ्रेड सेगफॉल्टनं मरतो. ओळखायला सोपं आहे. सिग्नल हँडलरमध्ये सिग्नलनं दिलेला पत्ता आणि पीसी एकच असतील, तर चालवण्याची परवानगी नव्हती. वेगळे असतील आणि कारण अ‍ॅकएरर असेल, तर बंद पानावर वाचायचा किंवा लिहायचा प्रयत्न झाला. मॅपएरर म्हणजे तिथे मेमरीच नाही. उपाय म्हणून मेमएफडी_क्रिएटनं मेमरी घेऊन ती दोन पत्त्यांवर जोडा, एक लिहायला आणि एक चालवायला. अशा दुहेरी जोडणीत क्लिअर कॅशला चालवायचा पत्ता द्या. क्यूएमूच्या जुन्या यूझर मोडमध्ये ही जोडणी फसते, कारण लिहिणं दुसऱ्याच पत्त्यावरून होतं आणि पहारा चालवायच्या पत्त्यावर असतो. तिथे चूक तुमच्या जेआयटीची नसते.

प्रश्न : ६४ बिट छंदी कर्नल लिहितोय. सुरू होताना तो स्वतःच्या कोडमधल्या काही सूचना नॉपनं (काहीच न करणाऱ्या सूचनेनं) भरतो आणि मग कोडची चेकसम घेतो. क्यूएमूत केव्हीएमशिवाय (गेस्टचा कोड थेट प्रोसेसरवर चालवणाऱ्या लिनक्सच्या सोयीशिवाय) बरोबर. केव्हीएम लावून जीडीबीनं ब्रेकपॉइंट टाकला की चेकसम चुकते. शिवाय कोडची पानं रीड-ओन्ली केल्यापासून पॅच करताना मशीन सारखं रीसेट होतं, स्क्रीनवर काहीच उरत नाही. (वाचक, सावंतवाडी)

उत्तर : चेकसमचं कारण जीडीबी. केव्हीएमखाली साधा ब्रेकपॉइंट म्हणजे गेस्टच्या मेमरीत त्या जागी सीसी हा बाइट लिहिणं. चेकसमला तो दिसणारच. पॅच नेमका त्याच बाइटवर पडला तर ब्रेकपॉइंट पुसला जातो. टीसीजीत, म्हणजे केव्हीएमशिवाय भाषांतर करून चालवताना, क्यूएमू ब्रेकपॉइंट स्वतःकडे नोंदवतो, गेस्टची मेमरी तशीच राहते. केव्हीएमबरोबर एचब्रेक, म्हणजे हार्डवेअर ब्रेकपॉइंट, वापरा. प्रोसेसरची डीबग रजिस्टरं ४च आहेत, तेवढेच मिळतील.

रीसेट पकडायला केव्हीएम काढा, कारण इंटरप्टची नोंद टीसीजीतच मिळते. -डी इंट,सीपीयू_रीसेट आणि -डी (मोठा) पुढे लॉग फाइलचं नाव, सोबत -नो-रीबूट आणि -नो-शटडाउन. लॉगमध्ये खालून वर वाचत जा. ट्रिपल फॉल्टच्या आधी डबल फॉल्ट, म्हणजे व्ही=०८, आणि त्याच्या आधीचा व्ही=०ई हा खरा गुन्हेगार. त्याच ओळीत ई= हा एरर कोड, पीसी आणि सीआर२ असतात. सीआर२ म्हणजे ज्या पत्त्याला हात लावला तो.

एरर कोड असा फोडा. १ म्हणजे पान आहे पण परवानगी नाही, २ म्हणजे लिहिणं, ४ म्हणजे यूझर मोड, ८ म्हणजे पेज टेबलमधला राखीव बिट लागलाय, १० हेक्स म्हणजे सूचना उचलताना. तुमच्या लॉगमध्ये ०००३ दिसेल असा आमचा अंदाज आहे: कर्नलनं असलेल्या पण रीड-ओन्ली पानावर लिहायचा प्रयत्न केला. सीआर०मधला १६वा बिट, डब्ल्यूपी, लावलेला असला की कर्नललाही ही बंदी लागू होते. ००११ आलं तर चालवायला बंदी असलेल्या पानावर उडी गेली. ०००९ किंवा ०००बी आलं तर ६३वा बिट लावलाय पण ईएफईआरमधला ११वा बिट, एनएक्सई, लावायचा राहिला. तो नसेल तर ६३वा बिट राखीव धरला जातो. ही चूक छंदी कर्नलांत फार दिसते आणि दिवसचे दिवस खाते, म्हणून एनएक्सई पेजिंग सुरू करण्याआधीच लावून टाका.

पॅच करताना डब्ल्यूपी काढून परत लावणं चालतं, पण इंटरप्ट बंद ठेवा, नाहीतर हँडलरही बंदी नसलेल्या अवस्थेत धावतो. त्याहून चांगलं म्हणजे त्याच भौतिक पानाला दुसऱ्या पत्त्यावर तात्पुरतं लिहिण्याजोगं जोडा, तिथून पॅच करा आणि जोडणी काढा. या पद्धतीत एक अट आहे. लिहिण्याचा आणि चालवण्याचा पत्ता वेगळा असेल, तर नवा कोड चालवण्याआधी सीपीयूआयडीसारखी सीरियलायझिंग सूचना चालवायला इंटेलचं मॅन्युअल सांगतं. सीपीयूआयडी ईएएक्स, ईबीएक्स, ईसीएक्स आणि ईडीएक्स पुसते, ते जपा. ही सूचना विसरलात तर क्यूएमू तुम्हाला कधीच सांगणार नाही. सिस्टिम मोडमध्ये तो भाषांतरं भौतिक पत्त्यावरून ओळखतो, त्यामुळे कुठूनही लिहिलं तरी त्याला कळतं.

जोडणी काढल्यावर किंवा परवानगी कमी केल्यावर इनव्हीएलपीजी द्या, नाहीतर टीएलबीमधली (पत्त्यांच्या जोडण्यांच्या कॅशमधली) जुनी मोकळीक तशीच राहते. नुसतं सीआर३ पुन्हा भरून भागवत असाल, तर ग्लोबल बिट लावलेली पानं त्यातून सुटतात. कर्नलची पानं बहुतेक वेळा ग्लोबलच असतात.

प्रश्न : केव्हीएम नसलेल्या जुन्या संगणकावर क्यूएमूत लिनक्स चालवतो. एरवी बरं, पण ब्राउझर उघडला की अगदी रांगतं. रॅम वाढवून उपयोग झाला नाही. (वाचक, अलिबाग)

उत्तर : ब्राउझरचा स्वतःचा जेआयटी सतत नवा कोड लिहितो आणि क्यूएमूला दर वेळी आधीची भाषांतरं टाकावी लागतात. क्यूएमूच्या मॉनिटरमध्ये इन्फो जिट द्या, एक मिनिटानं पुन्हा द्या आणि आकड्यांतला फरक बघा. टीबी (भाषांतर केलेला ब्लॉक) इनव्हॅलिडेट भराभर वाढत असेल तर कारण हेच, आणि गेस्टमध्ये ब्राउझरचा जेआयटी बंद केल्यानं फरक पडू शकतो. टीबी फ्लश वाढत असेल तर भाषांतराची जागा भरून वाहतेय. -अ‍ॅक्सेल टीसीजी,टीबी-साइज=५१२ देऊन बघा, आकडा मेगाबाइटमध्ये आहे. दोन्ही स्थिर असतील तर दुखणं दुसरीकडे आहे.

प्रश्न : ‘केव्हीएम इंटर्नल एरर, सबएरर १, एम्युलेशन फेल्युअर’ येऊन मशीन थांबतं. रजिस्टरांखाली कोड= अशी ओळ येते. तिच्यातून काही कळतं का? (वाचक, देवगड)

उत्तर : बरंच कळतं. कोनी कंसात असलेला बाइट म्हणजे जिथे गाडी अडली ती सूचना. भोवती सगळे ०० किंवा एफएफ असतील, तर गेस्ट रॅम नसलेल्या जागी उडी मारून गेलाय. बहुधा चुकीचा फंक्शन पॉइंटर किंवा पुसला गेलेला स्टॅक. बाइट नीट सूचनेसारखे असतील, तर ती सूचना एखाद्या उपकरणाच्या मेमरीला हात लावतेय आणि केव्हीएममधल्या छोट्या एम्युलेटरला ती येत नाही. मेमकॉपी कंपाइलरनं एसएसई किंवा एव्हीएक्समध्ये बदललेली असली की असं होऊ शकतं. उपकरणाच्या रजिस्टरांसाठी साधी व्होलाटाइल ३२ बिट वाचणं-लिहिणं वापरा.

संगणक फार जुना इंटेल असेल आणि बूट होताना रिअल मोडमध्येच अडत असेल, तर सिस, मॉड्यूल, केव्हीएम_इंटेल, पॅरामीटर्स या वाटेवरची अनरिस्ट्रिक्टेड_गेस्ट फाइल उघडा. त्यात एन असेल तर रिअल मोडचा कोड केव्हीएमला सूचनेगणिक एम्युलेट करावा लागतोय. तेवढ्यापुरतं टीसीजीनं बूट करून बघा. तिथे पुढे गेलं तर तुमचा बूटलोडर बरोबर आहे.